एक्झोसोममधले मायक्रोआरएनए आणि हार्ट फेल्युअर: चाचणी करावी का, सलाईन घ्यावं का?

सांगलीहून एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी करणाऱ्या एका मुलीनं विचारलंय. वडील ५८ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी मोठा हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, पण इकोवर ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ३२ टक्क्यांवर अडकलाय. गोळ्या चालू आहेत. आता एका लॅबच्या माणसानं 'एक्झोसोमल मायक्रोआरएनए पॅनेल' (पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पुड्यांतल्या आरएनएच्या तुकड्यांची रक्तचाचणी) करून घ्या, हृदय पुढे किती बिघडणार ते कळेल, असं सुचवलंय. एका क्लिनिकनं तर एक्झोसोमचं सलाईनच सांगितलंय. तिचा प्रश्न दुहेरी आहे: यात विज्ञान किती, आणि बाबांसाठी हा खर्च करावा का?

आधी खर्चाचं. पॅनेल नको, सलाईन तर मुळीच नको. पण म्हणून 'हे सगळं थोतांड' असंही मी म्हणणार नाही. मूळ विज्ञान पक्कं आहे, आणि त्यातल्या एका धाग्याशी माझा वर्षाकाठी दोन-चार पेशंटमध्ये थेट संबंध येतो. तो पुढे सांगतो.

हृदय म्हणजे स्नायू आणि हार्ट फेल्युअर म्हणजे तो स्नायू थकणं, असं आम्ही ओपीडीत सांगतो. वेळ कमी असतो, बाहेर रांग असते. खरं चित्र जरा वेगळं आहे. हृदयाचं बहुतेक आकारमान स्नायूपेशींनी व्यापलेलं असलं, तरी डोकी मोजायला बसलात तर त्या निम्म्याही भरत नाहीत. बाकीची बिऱ्हाडं वेगळीच: रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी, फायब्रोब्लास्ट म्हणजे तंतू विणणाऱ्या पेशी, मॅक्रोफेज म्हणजे मेलेल्या पेशी आणि जंतू गिळणाऱ्या पेशी. जुन्या चाळीसारखी वस्ती. एका खोलीत फोडणी करपली की ठसका तिसऱ्या खोलीत. अटॅकमध्ये जो भाग मेला तिथे व्रण होणार हे कळतं. पण त्या व्रणापासून लांबची, रक्तपुरवठा धड असलेली भिंतही पुढच्या काही महिन्यांत का बिघडते? आधी जाड होते, मग ताठ, मग सैल आणि फुगीर. याला आम्ही रिमॉडेलिंग म्हणतो. अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन, नॉरअ‍ॅड्रेनलिन ही संप्रेरकं म्हणजे त्यामागची जुनी, सिद्ध झालेली कारणं. तुमच्या बाबांच्या गोळ्या प्रामुख्यानं यांनाच आवर घालतात. एक्झोसोम ही त्याच चाळीतली देवाणघेवाणीची आणखी एक वाट.

एक्झोसोम म्हणजे पेशीनं बाहेर टाकलेली, चरबीच्या दुहेरी पापुद्र्याची इवलीशी पुडी, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरची. १९८३ मध्ये माँट्रियलला रोझ जॉनस्टोन आणि सेंट लुईसला फिलिप स्टाल यांच्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी हे पाहिलं. कच्च्या तांबड्या पेशी पक्क्या होताना नको झालेला ट्रान्सफेरिन रिसेप्टर (लोह आत घेणारं प्रथिन) अशा पुड्यांतून बाहेर फेकत होत्या. त्यामुळे कितीतरी वर्षं हा केराचाच प्रकार मानला गेला. २००७ मध्ये स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या यान ल्योटवाल यांच्या गटानं दाखवलं, की या पुड्यांत आरएनए असतो, मायक्रोआरएनएही असतो, आणि तो दुसऱ्या पेशीत पोचतो. केराच्या टोपलीत चिठ्ठ्या सापडल्या म्हणा ना.

मायक्रोआरएनएचं तुम्हाला ठाऊक असेलच, इतर वाचणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. साधारण २२ अक्षरांचा हा तुकडा प्रथिन बनवण्याच्या संदेशाला, म्हणजे एमआरएनएला, शेपटीकडे चिकटतो आणि त्या प्रथिनाचं उत्पादन कमी करतो. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी तो एका सूत्रकृमीत शोधला, २०२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा: हे दिव्याचं बटण नाही, पंख्याचा रेग्युलेटर आहे. एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना थोडं थोडं खाली आणतो. पुढचा बराच गोंधळ यातूनच निघतो.

आता हृदयात हे कसं चालतं त्याचं माझं आवडतं उदाहरण. हॅनोव्हरच्या थॉमस टुम यांच्या गटानं २०१४ मध्ये फायब्रोब्लास्टच्या एक्झोसोममध्ये काय असतं ते तपासलं. मायक्रोआरएनए तयार होताना आधी दुपदरी तुकडा बनतो. त्यातला एक पदर कामाला लागतो आणि दुसरा बहुधा मोडीत निघतो. पुस्तकात त्या दुसऱ्यावर नुसती चांदणीची खूण असायची, म्हणजे याच्याकडे लक्ष देऊ नका. या गटाला फायब्रोब्लास्टच्या पुड्यांत नेमके हे मोडीतले पदरच भरपूर सापडले. त्यातला मिर-२१-३पी ('मिर' म्हणजे मायक्रोआरएनए, पुढे त्याचा क्रमांक) हा स्नायूपेशीत शिरल्यावर सॉर्ब्स२ आणि पीडीलिम५ ही दोन प्रथिनं कमी करतो आणि पेशी फुगू लागते. अँजिओटेन्सिन दिलेल्या उंदरांत तो अडवला तर हृदयाचं फुगणं कमी झालं. म्हणजे तंतू विणणारा शेजारी नुसता भिंती ताठ करत नाही, स्नायूपेशीला निरोप धाडून तिलाही बिघडवतो. फायब्रोसिस (तंतू वाढून ताठ होणं) आणि हायपरट्रॉफी (स्नायूपेशी फुगणं) जोडीनं का येतात, याचं इतकं मूर्त उत्तर मला त्याआधी वाचायला मिळालं नव्हतं.

तरी सावध राहावं लागतं. मिर-२१ फायब्रोसिस घडवतो असं याच गटानं २००८ मध्ये मांडलं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या एरिक ओल्सन यांच्या गटानं मिर-२१ नसलेले उंदीर घेऊन सांगितलं की त्यांच्यातही रिमॉडेलिंग तसंच होतं. दोन्ही प्रयोगशाळा नावाजलेल्या, दोन्हींचं काम दर्जेदार. उंदीर आणि पद्धत बदलली की उत्तर बदलतं, हे या क्षेत्रात नेहमीचं आहे.

बाकीची उदाहरणं भराभर सांगतो. मॅक्रोफेजच्या पुड्यांतला मिर-१५५ फायब्रोब्लास्टची वाढ रोखतो आणि दाह वाढवतो. अटॅकनंतर व्रण नीट भरायच्या दिवसांतच हे झालं तर घातक. अटॅक आलेल्या हृदयातून सुटलेले मिर-२७ए, मिर-२८-३पी आणि मिर-३४ए हे एनआरएफ२ नावाच्या प्रथिनाला दाबतात, आणि पेशीची ऑक्सिडेशनविरुद्धची ढालच पातळ होते. मिर-३०डी मात्र उपकारी दिसतो. सीआरटी, म्हणजे हृदयाच्या दोन्ही बाजूंचं आकुंचन जुळवणारा पेसमेकर, बसवण्याआधी ज्यांच्या रक्तात तो जास्त होता त्यांचं हृदय पुढे अधिक सुधारलं, असं २०१५ च्या एका अभ्यासात आलं.

आता मी म्हटलो तो धागा. पेरिपार्टम कार्डिओमायोपथी, म्हणजे गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतरच्या महिन्यांत, दुसरं काही कारण नसताना आईचं हृदय कमजोर होणं. ईएफ ४५ टक्क्यांच्या खाली जातो. आपल्याकडे ही बाई माझ्यापर्यंत पोचायला उशीर होतो. का, ते एका पेशंटवरून सांगतो. सहाव्या आठवड्यात आली, माहेरीच होती. तीन आठवडे रात्री उशीला टेकून, बसूनच झोपत होती. पायावर सूज होती. घरच्यांचं म्हणणं, बाळंतीण आहे, जागरणं आहेत, थकवा असणारच. एका दवाखान्यात लोहाचं टॉनिक मिळालं, दुसरीकडे दम्याचा पंप. इको कुणीच केला नव्हता. केला तेव्हा ईएफ २५ टक्के. आडवं झाल्यावर धाप लागते आणि उठून बसल्यावर कमी होते, हे वाक्य बाळंतिणीच्या तोंडून आलं की त्याच दिवशी इको करायचा. एवढं या उत्तरातून कुणी लक्षात ठेवलं तरी माझं काम झालं.

यामागचं जे समजलंय त्यात एक्झोसोम मधोमध बसतो. दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक २३ किलोडाल्टनचं. स्नायूपेशीवर ऑक्सिडेशनचा ताण आला की कॅथेप्सिन डी नावाचं विकर ते चिरतं आणि १६ किलोडाल्टनचा तुकडा निघतो. हा तुकडा विषारी आहे. २०१३ मध्ये बेल्जियममधल्या लीजच्या आणि हॅनोव्हरच्या संशोधकांनी मिळून दाखवलं, की तो रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींना मिर-१४६ए जास्त बनवायला लावतो. त्याचा एक परिणाम तिथेच होतो: नव्या केशवाहिन्या फुटत नाहीत. दुसरा शेजारच्या घरात. हाच मिर-१४६ए एक्झोसोममधून स्नायूपेशीत जातो आणि ईआरबीबी४ हा रिसेप्टर कमी करतो, म्हणजे पेशीला तगवणारी यंत्रणाच मंदावते. या बायकांच्या रक्तात मिर-१४६ए निरोगी बाळंतिणींपेक्षा जास्त होता, आणि डायलेटेड कार्डिओमायोपथीच्या, म्हणजे हृदय फुगून कमजोर झालेल्या इतर रुग्णांपेक्षाही जास्त. ब्रोमोक्रिप्टिननं प्रोलॅक्टिन थांबवलं की तो उतरला. उंदरांत थेट मिर-१४६ए अडवला तेव्हा दूध चालू राहूनही हृदय सावरलं.

संप्रेरक, तुकडा, पुडी, चिठ्ठी, रिसेप्टर, आणि साखळी तोडणारं, बाजारात आधीपासून मिळणारं स्वस्त औषध. एवढी पुरी साखळी हार्ट फेल्युअरच्या दुसऱ्या कुठल्याही प्रकारात एक्झोसोमपुरती अजून जुळलेली नाही. माझ्या त्या पेशंटला हार्ट फेल्युअरच्या नेहमीच्या औषधांबरोबर ब्रोमोक्रिप्टिन दिलं. त्यानं दूध आटतं, आणि रक्ताच्या गुठळीचा धोका वाढू शकतो म्हणून सोबत रक्त पातळ ठेवणारी औषधं द्यावी लागतात. दुधावरून घरात रडारड झाली, आजी तर माझ्याशी बोलेना. सहा महिन्यांनी ईएफ ५० टक्क्यांपर्यंत आला. त्यात ब्रोमोक्रिप्टिनचा वाटा किती आणि बाकीच्या औषधांचा किती, हे एका पेशंटवरून कुणीच सांगू शकत नाही, मीही सांगणार नाही. आणि हो, तिचा मिर-१४६ए मी मोजला नाही. निदानाला इको पुरेसा होता.

यात एक गंमत आहे, एक्झोसोमची सलाईनं विकणारे ती सांगत नाहीत. लॉस एंजेलिसच्या एदुआर्दो मार्बान यांच्या गटानं २०१४ मध्ये, हृदयातून वाढवलेल्या कार्डिओस्फिअर पेशींचे एक्झोसोम उंदरांना अटॅकनंतर टोचले तर फायदा होतो असं दाखवलं. त्या फायद्यातला एक मोठा वाटेकरी कोण? हाच मिर-१४६ए. बाळंतिणीच्या हृदयात मारक, अटॅकनंतर तारक. शेजारणीकडून साखरेची वाटी आली, पण ती चहात पडली की आमटीत यावर सगळं अवलंबून. म्हणून 'अमुक मायक्रोआरएनए वाढला म्हणजे वाईट' असं छापलेला रिपोर्ट दिसला की मला तो अर्धवट वाटतो.

आता पॅनेलकडे. कल्पना कुठून आली तेही सांगतो, कारण तुमच्या बाबांसारख्याच पेशंटवर ते काम झालंय. २०१३ मध्ये ओसाकाच्या संशोधकांनी अटॅकमधून सावरणाऱ्या रुग्णांचं साठवलेलं सीरम काढलं आणि ज्यांना पुढच्या वर्षभरात हार्ट फेल्युअर झालं त्यांची तुलना न झालेल्यांशी केली. मिर-१९२, मिर-१९४ आणि मिर-३४ए हे तीन, पी५३ या जनुकाच्या हुकमातले, पहिल्या गटात जास्त होते, आणि मुख्यतः एक्झोसोमच्या भागात. वाचून मी हरखलो होतो. पण रुग्ण मोजके होते, आणि मोजक्या रुग्णांवर दिसलेलं मोठ्या गटात टिकेलच असं नाही. मिर-४२३-५पी चं उदाहरण समोर आहे. २०१० मध्ये ॲमस्टरडॅमहून तो हार्ट फेल्युअरची खूण म्हणून आला, गाजला. नंतर काही अभ्यासांत दिसला, काहींत नाही.

असं का होतं याचं कारण बरंचसं ट्यूबमध्ये आहे. काही वर्षं मी एका संशोधन गटाला पेशंटचे नमुने देत होतो आणि त्यांच्याबरोबर आकडे बघत होतो. पहिल्या वर्षी आमचा निकाल झकास आला: अटॅकच्या रुग्णांत जवळपास सगळेच मायक्रोआरएनए निरोगी लोकांपेक्षा कमी. आमच्यातल्या एका पोरीला तो फारच झकास वाटला आणि तिनं नियंत्रण तपासलं. प्रत्येक नमुन्यात आपण मोजून-मापून सूत्रकृमीचा एक कृत्रिम मायक्रोआरएनए टाकतो, सेल-मिर-३९. माणसात तो नसतोच, म्हणून सगळ्या नमुन्यांत सारखाच यायला हवा. तोही अटॅकच्या रुग्णांत 'कमी' दिसत होता! उलगडा कॅथलॅबमध्ये झाला. अँजिओग्राफीच्या वेळी हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध दिलं जातं, आमचे नमुने त्यानंतर घेतलेले, आणि हेपरिन आरएनएबरोबर शेवटपर्यंत येऊन पीसीआरलाच, म्हणजे ज्यानं आरएनए मोजतो त्या चाचणीलाच, अडवतं. आम्ही हृदय मोजतच नव्हतो, हेपरिन मोजत होतो. ते सगळे नमुने बाद केले.

हेपरिन ही एकच भानगड नाही. सुई नीट लागली नाही, रक्त जोरात खेचलं, तांबड्या पेशी फुटल्या, की मिर-४५१ आणि मिर-१६ उसळतात. प्लाझ्मा गुलाबीसर दिसला तर समजा तो नमुना गेला, आणि डोळ्याला दिसला नाही तरी गेलेला असू शकतो. प्लेटलेट मायक्रोआरएनएनं खच्चून भरलेल्या असतात. एकदाच फिरवून काढलेल्या प्लाझ्मात त्या राहतात, गोठवून वितळवलं की फुटतात. आणि अटॅकच्या पेशंटला ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलर या प्लेटलेटना आवरणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्यानं प्लेटलेटमधून येणारे मिर-२२३ आणि मिर-१२६ बदलतात. मग पॅनेलमधला आकडा हृदयाचा की गोळीचा?

त्याहून मूळ प्रश्न: हे मायक्रोआरएनए खरंच एक्झोसोममधले आहेत का? २०११ मध्ये सिअ‍ॅटलच्या एका गटानं दाखवलं, की रक्तातले बहुतांश मायक्रोआरएनए पुडीत नसून आर्गोनॉट२ या प्रथिनाला चिकटून फिरतात. काही एचडीएल कोलेस्टेरॉलबरोबर असतात. २०१४ मध्ये हिशेब निघाला, की भरपूर असलेल्या मायक्रोआरएनएचीही एक प्रत सापडायला सरासरी शंभरावर एक्झोसोम धुंडाळावे लागतात. बहुतेक पुड्या रिकाम्याच म्हणायच्या. उलट बाजूचेही निकाल आहेत, वाद मिटलेला नाही. शिवाय प्लाझ्मात लायपोप्रोटीनचे, म्हणजे चरबी वाहून नेणारे, कण एक्झोसोमपेक्षा कितीतरी पटींनी जास्त. आकारावरून चाळलं तर व्हीएलडीएल आणि कायलोमायक्रॉन सोबत येतात, घनतेवरून वेगळं केलं तर एचडीएल येतं, आणि किटमधल्या पावडरीनं खाली बसवलं तर काय काय येतं ते विचारू नका. म्हणूनच या विषयातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१८ आणि २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की उगम सिद्ध केल्याशिवाय सरसकट 'एक्झोसोम' म्हणू नका. तुमच्या लॅबवाल्याला एकच प्रश्न विचारा: अल्ब्युमिन किंवा एपोलायपोप्रोटीनची भेसळ तुम्ही मोजता का? उत्तराची वाट पाहत चहा गार होईल.

आणि समजा हे सगळं सुटलं, तरी गाठ एनटी-प्रोबीएनपीशी, म्हणजे हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या नेहमीच्या रक्तचाचणीशी, आहे. ती चाचणी तालुक्याच्या गावातही होते, साध्या ट्यूबमध्ये होते. ओपीडीतल्या पेशंटमध्ये १२५ पिकोग्रॅमच्या खाली असली तर हार्ट फेल्युअर बहुतेक नाहीच. लठ्ठ माणसात खोटी कमी येते, किडनी बिघडलेली असली किंवा हृदयाचे ठोके अनियमित असले तर वाढते, हे खरं. पण तिचे दोष आम्हाला पाठ आहेत. ज्याचे दोष पाठ आहेत ती चाचणी वापरता येते. नव्या चाचणीनं निर्णय बदलला पाहिजे: पॅनेल वाईट आलं तर बाबांना कोणती गोळी जास्त देणार? चांगलं आलं तर कोणती बंद करणार? दोन्हींचं उत्तर 'कोणतीच नाही'.

सलाईनबद्दल थोडक्यात, कारण इथे बोलण्यासारखं कमी आणि रागावण्यासारखं जास्त आहे. शिरेतून दिलेले एक्झोसोम बहुतांशी यकृत आणि प्लीहा काही मिनिटांत उचलून घेतात, हृदयापर्यंत नाममात्र पोचतात. बाटलीत कोणत्या पेशीचे, किती, आत काय, याचा हिशेब नसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं डिसेंबर २०१९ मध्ये, नेब्रास्कात अशा उत्पादनांमुळे रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर, जाहीर इशारा दिला होता. हार्ट फेल्युअरसाठी परवानगी मिळालेलं एक्झोसोमचं उत्पादन नाही. जे खरं संशोधन आहे ते पैसे मागत नाही, संमतीपत्र मागतं. मायक्रोआरएनएवर औषध करण्याचा सगळ्यात सरळ प्रयत्न तर एक्झोसोमशिवायच चाललाय: मिर-१३२ अडवणारं एक इंजेक्शन २८ रुग्णांवरच्या पहिल्या अभ्यासात सोसलं गेलं आणि त्यानंतर अटॅकनंतरच्या रुग्णांवर पुढच्या टप्प्यात गेलं.

बाबांचं काय करायचं ते आता. पॅनेलचे पैसे वाचले त्यात वजनकाटा आणि बीपीचं मशीन येईल. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन, आणि वहीत नोंद. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन, धाप लागायची वाट बघायची नाही. चार गटांतल्या (एसीई इनहिबिटर किंवा एआरएनआय, बीटा ब्लॉकर, अल्डोस्टेरॉन रोखणारी, एसजीएलटी२ इनहिबिटर) चारही गोळ्या चालू आहेत का आणि डोस वाढत चाललाय का, हे डॉक्टरांना विचारा. डिस्चार्जच्या दिवशीचा डोसच वर्षभर चालू राहणं हा आपल्याकडचा नेहमीचा रोग आहे. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन डोस बदलल्यावर पाहायचं. पूर्ण डोसवर तीन महिने काढून पुन्हा इको, आणि तेव्हाही ईएफ ३५ किंवा खाली असेल तर आयसीडी, म्हणजे घातक ठोके सुरू झाले तर शॉक देणारं यंत्र, बसवायचं का, हा प्रश्न डॉक्टरांपुढे काढायचाच. पापड, लोणचं, सुकं बोंबील यावर मी पेशंटशी फार भांडत नाही, पण रोज नको.

आणि तुमच्यासाठी. डिझर्टेशनचा विषय हाच घेणार असाल तर जरूर घ्या. आपल्याकडच्या अटॅकच्या रुग्णांचे नीट घेतलेले नमुने दुर्मीळ आहेत, आणि तिरुवनंतपुरमच्या हार्ट फेल्युअर रुग्णांच्या नोंदवहीत दिसलं तसं आपला हार्ट फेल्युअरचा पेशंट साठीच्या आसपासचा, बहुतेक वेळा अटॅकमधून आलेला, म्हणजे ओसाकाच्या त्या प्रश्नासाठी नेमका योग्य. जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब घ्या, हिरवी नको, तिच्यात हेपरिनच असतं. उपाशीपोटी, हेपरिन देण्याआधी, आणि शेवटचं हेपरिन कधी दिलं ते नर्सच्या चार्टवरून स्वतः बघून लिहा. प्लाझ्मा दोनदा फिरवा, मगच गोठवा. गुलाबी दिसला तर कितीही महत्त्वाचा पेशंट असो, टाकून द्या. आणि सेल-मिर-३९ चा आलेख सगळ्यात आधी काढा, बाकीचे नंतर.